कुंपणाला निलगिरी: लवकर वाढते हे खरं, पण आडोसा होतो का?

अंगणवेडी

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण आता अगदी गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतेय.

घरामागे बाग आहे. मागची हद्द साधारण २८ मीटर. इतकी वर्षं पलीकडे मोकळी जागा होती, त्यामुळे कुंपण म्हणजे कमरेएवढी भिंत आणि वर तार. आता तिथे दोन मजली घर झालंय आणि त्यांची वरची गॅलरी थेट आमच्या झोपाळ्यावर उघडते. माणसं चांगली आहेत, भांडण काही नाही. पण सकाळी केस विंचरताना वर पाहिलं की कुणीतरी हात हलवतं. मग मीही हलवते. रोज किती हलवायचा?

नवरा म्हणतो भिंत चढवू. मला हिरवं काहीतरी हवंय. रोपवाटिकेत विचारलं तर उत्तर तयार होतं: निलगिरी लावा, दोन वर्षांत डोक्याच्या वर जाईल, पाणी घालायला नको, गुरं तोंड लावत नाहीत. दीड मीटरवर एक या हिशेबाने अठरा-एकोणीस रोपं लागतील.

कुणी लावली आहे का? किती उंच होते, मुळं भिंत फोडतात का, छाटून मेंदीसारखी भिंत करता येते का? आणि त्या झाडाखाली दुसरं काही उगवत नाही म्हणतात, ते खरं का?

कुदळ

लावू नका.

अंगणवेडी

दादा, कारण?

कुदळ

विहिरी आटवते. सगळ्यांना माहीत आहे.

जुना माळी

कुदळराव, सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीच नीट तपासायला लागतात. या झाडाशी माझा पस्तीस वर्षांचा संबंध आहे. लावलीही आहेत आणि त्याहून जास्त तोडली आहेत.

पाण्याचं आधी. निलगिरी पाणी पिते का? पिते. भराभर वाढणारं, बारमाही पानं असणारं कुठलंही मोठं झाड पितंच. पानगळीचं झाड निदान काही महिने तरी सुट्टी घेतं, ही घेत नाही. मुळं खोल जातात, त्यामुळे वरची माती सुकली तरी तिचं चालू राहतं. १९व्या शतकात इटली आणि अल्जीरियात दलदलीच्या भागात मुद्दाम निलगिरी लावत. हिच्या वासाने तापाची हवा शुद्ध होते असं तेव्हा वाटायचं. वासाचा त्यात काही भाग नव्हता, जमीन कोरडी होत होती एवढंच. दक्षिण आफ्रिकेत नदीकाठची परदेशी झाडं काढून टाकायचा सरकारी कार्यक्रम १९९५ पासून चालू आहे, त्यात निलगिरीही आहे. तेव्हा कुदळरावांचं म्हणणं हवेतलं नाही. पण डोंगरच्या डोंगर निलगिरीखाली घालणं वेगळं आणि परसात एक ओळ लावणं वेगळं. तुमच्या अठरा झाडांनी गावाचं पाणी पळणार नाही. तुमच्या फुलझाडांचं मात्र पळेल.

खाली काही उगवत नाही, यातलाही बराचसा भाग पाण्याचाच आहे. पानांतल्या तेलांमुळे आणि इतर द्रव्यांमुळे काही बिया रुजायला अडतात हे खरं, पण तेवढ्यावरच सगळं ढकलू नका. जाड, चिवट, लवकर न कुजणारा पालापाचोळा आणि खालची कोरडी पडलेली माती, हे दोन मोठे गुन्हेगार.

आता तुमच्या कामाचा मुद्दा, जो रोपवाटिकेत कुणी सांगत नाही. तुम्हाला आडोसा कुठे हवाय? डोळ्यासमोर. निलगिरीला वाढायचं असतं कुठे? आभाळात. ज्या घाईने ती तुमच्या कुंपणाएवढी होते त्याच घाईने ती कुंपण सोडून वर जाते. सावलीतल्या फांद्या ती पोसत नाही, खालून एकेक करून टाकून देते. चार-पाच वर्षांनी तुमच्या हद्दीवर काय दिसेल? अठरा सरळसोट खांब, आणि पानं सगळी गॅलरीच्या वर. शेजाऱ्यांना सावली, तुम्हाला खांब.

रानमोगरा

शेजाऱ्यांना सावली, तुम्हाला खांब :) :)

वाखू (वाचनखूण) साठवली.

हिमपक्षी

मी जिथे राहते तिथे बर्फ पडतो, त्यामुळे माझा अनुभव वेगळा असू शकेल. इथे थंडी सोसणारी म्हणून युकॅलिप्टस गनाय ही निलगिरीची जात लावतात. मूळची टास्मानियाची, उणे दहा अंशांतही तगते. मी सहा लावली होती, हद्दीवरच, अंगणवेडीताईंच्याच कारणासाठी.

पहिली दोन वर्षं मी या झाडाच्या प्रेमात होते. गोल, निळसर, चांदीसारखी पानं, देठाशिवाय फांदीला दोन्ही बाजूंनी समोरासमोर चिकटलेली. अगदी दाट. बघणारा प्रत्येक जण विचारायचा हे काय आहे. तिसऱ्या वर्षी शेंड्याकडे वेगळीच पानं यायला लागली. लांबट, कोयत्यासारखी, हिरवट. मला वाटलं कलमाखालून भलतंच काही फुटलं. कलम नव्हतंच, बियाण्याचंच रोप होतं. मग कळलं की हे झाड लहानपणी एक पान घालतं आणि मोठेपणी दुसरं.

आता सहातली चार उरली आहेत. दोन एका वादळात मुळासकट कलंडली, त्याचं पुढे सांगते. उरलेली दुमजली घराच्या वर गेली आहेत आणि आडोसा म्हणाल तर शून्य. दुरून सुंदर दिसतात, हे कबूल करायला हवं.

जुना माळी

हिमपक्षीताई, फार चांगलं सांगितलंत, कारण आडोशाची खरी मेख त्या पानांतच आहे.

लहानपणची पानं आडवी पसरतात, समोरासमोर येतात, त्यामुळे मागचं झाकलं जातं. मोठेपणची पानं देठावर लोंबतात, कड वर करून. भर दुपारचं ऊन पानाच्या पसाऱ्यावर न पडता कडेवर पडतं, पान तापत नाही, पाणी वाचतं. झाडाच्या दृष्टीने शहाणपणाचं आहे. पण म्हणूनच मोठ्या निलगिरीखाली उभं राहिलं तर गार सावली मिळत नाही, विरळ, चाळणीतून पडल्यासारखं ऊन मिळतं. ज्यातून ऊन गाळून येतं त्यातून शेजारीही गाळून दिसतो.

यातूनच एक वाट निघते. झाडाला म्हातारं होऊ द्यायचं नाही. दरवर्षी किंवा वर्षाआड कडक छाटणी केली की पुन्हा बालपणीची पानं फुटतात. फुलवाले गुलदस्त्यात जी गोल रुपेरी पानं घालतात ती अशा छाटून छाटून लहान ठेवलेल्या झाडांचीच असतात.

अर्धाकच्चा

जरा अवांतर. युकॅलिप्टस या नावाचा अर्थ ग्रीकमध्ये 'नीट झाकलेलं' असा होतो. आडोशाच्या धाग्यावर हा योगायोग मला फार आवडला.

जुना माळी

झाकलेली असते ती कळी, बाग नव्हे :) कळीवर टोपी असते, फुलताना ती गळून पडते आणि आतून पुंकेसरांचा झुपका बाहेर येतो. पाकळ्या अशा दिसतच नाहीत. हे नाव १७८८ साली एका फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलं, लेरितिये त्याचं नाव. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीत टास्मानियाच्या किनाऱ्यावर गोळा केलेला नमुना त्याच्यासमोर होता.

रानमोगरा

आणि मराठीतलं नाव डोंगरावरून. ते डोंगर आधीपासूनच निळे होते, झाडं १८४० च्या दशकात जळणासाठी तिथे नेऊन लावली. आता लोकांना वाटतं की झाडामुळे डोंगराला नाव मिळालं.

भूमितीचे मास्तर

तुम्ही सगळे झाडाबद्दल बोलताय. मी उंचीबद्दल बोलतो. अंगणवेडीताई, तीन आकडे द्या: झोपाळा हद्दीपासून किती दूर, त्यांची गॅलरी हद्दीपासून किती दूर आणि गॅलरीची जमीन किती उंचीवर?

अंगणवेडी

मास्तर, परीक्षा आहे का? झोपाळा हद्दीपासून ९ मीटर (टेपने मोजलं). त्यांची गॅलरी हद्दीपलीकडे अंदाजे ६ मीटर. गॅलरीची उंची ३.३ मीटर धरा.

भूमितीचे मास्तर

छान. बघणाऱ्याचा डोळा गॅलरीच्या जमिनीपासून दीड मीटर वर, म्हणजे ४.८ मीटर. झोपाळ्यावर बसलेल्या तुमचा डोळा १.२ मीटर. फरक ३.६ मीटर, मधलं अंतर १५ मीटर. म्हणजे दोन डोळ्यांना जोडणारी रेघ तुमच्याकडून निघाली की दर मीटरला २४ सेंटिमीटर चढते.

हद्दीवर, म्हणजे ९ मीटरवर, ही रेघ १.२ अधिक २.१६, म्हणजे सुमारे ३.४ मीटर उंचीवर असते. अकरा फूट फक्त. त्याहून उंच झाडाचा या कामाला काडीचा उपयोग नाही.

आता तोच आडोसा हद्दीवर न लावता झोपाळ्यापासून अडीच मीटरवर लावा. तिथे रेघ १.२ अधिक ०.६, म्हणजे १.८ मीटरवर. सहा फूट! सहा फुटांसाठी तुम्ही जगातल्या सगळ्यात उंच सपुष्प वृक्षांपैकी एकाच्या जातभाईला बोलावताय. टास्मानियातलं एक युकॅलिप्टस रेग्नान्स १०० मीटर मोजलं गेलंय.

कुदळ

मास्तर, टाळ्या.

अंगणवेडी

थांबा थांबा. म्हणजे झोपाळ्याजवळ सहा फुटी काहीतरी केलं की झालं? पण मी काही दिवसभर झोपाळ्यावर बसत नाही. बागेत काम करते, दोरीवर कपडे वाळत घालते.

भूमितीचे मास्तर

बरोबर आहे. जवळचा आडोसा एका जागेपुरताच काम करतो. उभ्या माणसाचा डोळा दीड मीटर धरला आणि तुम्ही हद्दीपासून २० मीटरवर असलात, तर हद्दीवर ४ मीटर उंची लागते. म्हणजे अख्खी बाग झाकायची तरी हद्दीवर चार मीटर पुरे. चारच्या वरचं सगळं शेजाऱ्यांच्या सुर्यप्रकाशातून चोरलेलं.

आणि माझ्या कागदावर विसंबू नका. एक लांब बांबू घ्या, टोकाला लाल फडकं बांधा, घरातल्या कुणालातरी हद्दीवर धरून उभं करा आणि तुम्ही झोपाळ्यावर बसा. फडकं गॅलरीला झाकतं तिथे खूण करा.

सावलीवाला

चार मीटरवर निलगिरी रोखून धरायची असेल तर दरवर्षी शिडी लावायची तयारी ठेवा. उष्ण हवेत दीड-दोन मीटर वाढ एका वर्षाची. एखादं वर्ष चुकलं, दुखणं आलं, गावाला गेलात, की ती सहा मीटर. दोन वर्षं चुकली की मग तुम्ही नाही, झाडं तोडणारा बोलवायचा.

मला फांदीचा अनुभव आहे म्हणून लिहितो. वारा नाही, पाऊस नाही, शांत दुपार. कडाड असा आवाज आला आणि मांडीएवढी फांदी छपरावरच्या पाण्याच्या टाकीवर. टाकी गेली, माणूस नव्हता म्हणून वाचलो. मोठ्या निलगिरीच्या फांद्या उन्हाळ्यात अशा न सांगता पडतात. झोपाळा, गाडी लावायची जागा, मुलांच्या खेळण्याची जागा यांच्यावर हिची मोठी फांदी कधीही येऊ देऊ नये.

हिमपक्षी

माझी दोन झाडं कलंडली ती का, हे सांगते म्हटलं होतं. चूक माझी. मोठी रोपं घेतली, दोन मीटर उंचीची, कुंडीत बरेच दिवस राहिलेली. आडोसा आज दिसायला हवा होता ना! पडल्यावर बुंधा बघितला तर मुळं कुंडीच्या आकारात गोल गोल गुंडाळलेली, तशीच लाकूड होऊन बसलेली. आजूबाजूच्या मातीत गेलेलीच नव्हती. शिवाय मी त्यांना काठीला घट्ट बांधलं होतं. झाड वाऱ्यात हललं तरच खोड आणि मुळं जाड होतात, मी त्याला हलूच दिलं नाही.

नंतर शेजारणीने वीतभर उंचीचं रोप लावलं. दोन वर्षांत तिचं माझ्या मोठ्या रोपांच्या पुढे गेलं.

जुना माळी

हे सोन्याच्या अक्षरात लिहून ठेवा. निलगिरीचं रोप वीत ते हातभर उंचीचंच घ्यावं, पिशवीच्या तळातून मुळं बाहेर आलेली असतील तर परत ठेवावं. काठी नको. खत नको, विशेषतः नत्र तर नकोच, नाहीतर वर भार आणि खाली आधार नाही. पहिली दोन वर्षं बुंध्याभोवती मीटरभर गोल तणमुक्त ठेवा, गवताशी स्पर्धा तिला लहानपणी झेपत नाही. आणि पहिलं वर्ष पाणी घाला. 'पाणी घालायला नको' हे मुळं खोल गेल्यावरचं वाक्य आहे.

कीटकवेडा

कुणी माशीचा उल्लेख केला नाही. निलगिरीची गाठमाशी, लेप्टोसायबी इन्व्हेसा. माशी म्हणायची, खरं तर अगदी बारीक गांधीलमाशीची बहीण. शास्त्रीय वर्णन २००४ चं, पण तोवर ती कितीतरी देशांत पोचली होती. कोवळ्या पानाच्या मधल्या शिरेत, देठात, कोवळ्या फांदीत अंडी घालते आणि तिथे गाठी उठतात, शेंडा वेडावाकडा होतो. कॅमाल्डुलेन्सिस, टेरेटिकॉर्निस, ग्रँडिस या जातींवर जास्त. आता लक्षात घ्या: ती कोवळ्या फुटीवर येते आणि तुम्ही सारखी छाटणी करून सारखी कोवळी फूट आणणार. जात निवडताना हे बघा. तिच्यावर जगणारा दुसरा एक परजीवी कीटक मिळालाय, त्यामुळे काही ठिकाणी जोर ओसरला आहे. फवारणीच्या नादी लागू नका, अळी गाठीच्या आत सुरक्षित बसलेली असते.

अंगणवेडी

डोकं गरगरायला लागलं. बरं, समजा मला निलगिरी हवीच आहे (मला तो वास आवडतो, खोटं कशाला बोलू). पाळीपाळीने छाटली तर? एक तृतीयांश झाडं या वर्षी बुंध्यापासून, एक तृतीयांश पुढच्या वर्षी, असं. म्हणजे आडोसा कायम राहील. असं कुठेतरी वाचलं.

भूमितीचे मास्तर

वाचायला छान वाटतं, आकड्यात बसवून बघा. अर्ध्या मीटरवर कापलेलं झाड एका वर्षात दोन-सव्वादोन मीटर, दुसऱ्या वर्षाअखेरीस चार मीटर. मग तिसऱ्या वर्षाअखेरीस पुन्हा कापणार. म्हणजे कधीही बघितलं तर ओळीतली एक तृतीयांश झाडंच हव्या त्या उंचीची असतील, बाकी दोन तृतीयांश वाटेत. भिंत नाही, फणी होईल. एक ओळ पुरणार नाही, मागेपुढे दोन ओळी लागतील, एकीच्या फटीत दुसरीचं झाड येईल अशा.

जुना माळी

मास्तर बरोबर आहेत. बुंध्यापासून कापायचं ते पानासाठी, जळणासाठी. उसाच्या खोडव्यासारखं, बुंध्याजवळच्या लाकडी गाठीत सुप्त डोळे असतात त्यांतून झुडूप फुटतं. (ही गाठ सगळ्या जातींना नसते. ग्रँडिसला सहसा नसते, म्हणून कुठल्याही जातीवर कुऱ्हाड चालवू नका.)

आडोशासाठी वेगळी रीत आहे. खोड भिंतीच्या थोडं वर, पावणेदोन-दोन मीटरपर्यंत उभं ठेवायचं, आणि दरवर्षी त्याच जागी डोकं उतरवायचं. थंडी सरत आली की, नवी फूट निघायच्या आधी. कापलेल्या जागी मुठीसारखी गाठ होते, तिच्यातून वीस-पंचवीस फुटवे निघतात, चांगले सात-आठ ठेवायचे. वर्षभरात साडेतीन ते चार मीटर. खाली भिंत किंवा झुडपं झाकतात, वर निलगिरीचे झुपके. छाटणीनंतर तीन-चार महिने शेजारी दिसतील, तेवढं सहन करा. काम शिडीच्या दोन पायऱ्यांत होतं. पण दरवर्षी. एक वर्ष टाळलं आणि मग जाड लाकडावर कापलं की जखम मोठी, फुटवे सुटे, वाऱ्यात तुटतात.

सावलीवाला

मुळांचं राहिलं. चांगला, गळका नसलेला पाइप मूळ फोडत नाही. कुठे झिरपत असेल तर मात्र बरोबर वास काढतं आणि आत घुसून केसांचा गुंता करतं. चिकणमातीची जमीन असेल तर आणखी सांभाळा. झाड जमिनीतलं पाणी ओढतं, माती आकसते, पाया बसतो. मोठं होऊ द्यायचं असेल तर घरापासून निदान झाडाच्या पूर्ण उंचीएवढं अंतर. शेजाऱ्यांच्या घरापासूनही! पाया त्यांचाही आहे.

कुदळ

आग राहिली.

जुना माळी

हो, ती राहिलीच. तेलकट पानं, लोंबणाऱ्या सालीच्या वाळक्या पट्ट्या आणि बुडाशी साठलेला पाला. १९९१ ची कॅलिफोर्नियातल्या ओकलंडची आग आणि २०१७ ची पोर्तुगालमधली पेद्रोगाव ग्रांदेची आग, दोन्हींनंतर निलगिरीवर बोट ठेवलं गेलं. पोर्तुगालने त्याच वर्षी नव्या लागवडीवर निर्बंध आणणारा कायदाही केला. दोष एकट्या झाडाचा नाही, दुष्काळ आणि वारा होताच. पण कोरड्या मुलखात घराच्या भिंतीला लागून निलगिरीची ओळ मी तरी लावणार नाही. दर आठवड्याला पाला उचलायचा, साल लोंबू द्यायची नाही.

हिमपक्षी

ताई, पर्याय म्हणून बघा: बेटाने वाढणारा बांबू. धावणारा नव्हे हं, तो शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात उगवेल. शिवाय कामिनी, अडुळसा, जास्वंद. यांची पानं खालपर्यंत राहतात. हळू वाढतात हाच त्यांचा गुण, कारण हव्या त्या उंचीला पोचल्यावरही ती हळूच वाढतात.

सावलीवाला

आणि पहिली दोन वर्षं काढायला जाळीवर वेल. कृष्णकमळ एका मोसमात सहा फुटी जाळी भरून टाकतं. वारा अडवायचा असेल तरी अगदी ठोस भिंत नको, निम्मी हवा आरपार जाणारा आडोसा चांगला. ठोस भिंतीवरून वारा उसळून पलीकडे भोवरे करतो.

अंगणवेडी

मंडळी, मनापासून धन्यवाद. ठरलं की कळवते. कुदळदादा, तुमचंही. दोन शब्दांत तुम्ही जे सांगितलंत ते समजायला मला इतके प्रतिसाद लागले.

अंगणवेडी (सोळा महिन्यांनी)

धागा वर काढतेय, कारण शब्द दिला होता.

आधी बांबूची गंमत. नवऱ्याला लाल फडक्याचा बांबू घेऊन हद्दीवर उभं केलं. मी झोपाळ्यावर. तो उंच करतोय, मी 'अजून थोडं' म्हणतेय, तेवढ्यात गॅलरीतून आवाज आला, "काय चाललंय?" आता काय सांगणार? तुम्ही दिसू नये म्हणून चाललंय असं सांगता येतं का? पण सांगितलंच. तर त्या बाई खळखळून हसल्या. म्हणाल्या, "अहो, आम्हालाही कपडे वाळत घालताना अवघडल्यासारखं होतं." मग त्यांनीच वरून सांगायला सुरुवात केली: "आता तुम्ही दिसताय... आता फक्त डोकं... आता नाही!" खूण केली ती साडेतीन मीटरवर. मास्तरांचा हिशेब ३.४ होता.

काय केलं ते सांगते. झोपाळ्यापासून अडीच मीटरवर लाकडी चौकट उभी करून जाळी लावली, तिच्यावर कृष्णकमळ. पहिल्या पाच महिन्यांत सहा फूट भरलं. आता उलट कापत बसावं लागतं, आणि सुरवंटांनी मध्ये एकदा अर्धं फस्त केलं, पण पुन्हा फुटलं. हद्दीवर कामिनीची रोपं दोन ओळींत, नागमोडी. ती अजून कमरेच्या थोडी वर आहेत. दोन टोकांना बांबूची दोन बेटं.

आणि निलगिरी. मध्यभागी गॅलरीच्या समोर. युकॅलिप्टस सिनेरिया, ज्याची गोल रुपेरी पानं मोठेपणीही बरीचशी तशीच राहतात. हातभर उंचीची रोपं, काठी नाही, खत नाही. दोन मीटरच्या पुढे गेली आहेत. थंडी सरली की पहिल्यांदा डोकं उतरवायचं. जुने माळी, किती जाडीच्या खोडावर पहिला काप घ्यायचा?

जुना माळी

अंगठ्याएवढं झालं की घ्या, मनगटाएवढं होईपर्यंत थांबू नका. डोळ्याच्या जरा वर, तिरका काप, पाणी साचू नये असा. उतरवलेला पाला ताजा आच्छादनाला वापरू नका. वेगळा ढीग करा, वर्षभर कुजू द्या.

आणि वेल भरून आली, पण हात हलवणं बंद झालं का?

अंगणवेडी

नाही ना. आता झोपाळ्यावरून उठून जाळीच्या पुढे जाऊन हलवते. त्यांना माझ्या पहिल्या छाटणीतल्या रुपेरी फांद्या हव्यात, फुलदाणीसाठी. नंबर लावून ठेवलाय.

कुदळ

म्हणजे लावलीच शेवटी.

अंगणवेडी

तीनच हो दादा.